घशाचे बिशप आणि भाताचा गोळा

मी बत्तीस वर्षं लोकांच्या घशात डोकावले आणि बत्तीसही वर्षं घाबरत होते. नोकरीत असताना हे कुणाला सांगितलं नाही. सर्जनने घाबरू नये अशी लोकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पायलट थरथर कापत विमानात शिरताना कुणाला बघायचा असतो? पण आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली, माझ्या टेबलावर यापुढे कुणी झोपणार नाही, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

कान-नाक-घसा म्हटलं की लोकांना कानातला मळ आठवतो. इथे अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात हृदयाच्या डॉक्टरांभोवती कोंडाळं जमायचं, आणि माझ्यापाशी येऊन एखादी मुलगी हळूच विचारायची, "काकू, हा इतका घोरतो ना, ऑपरेशन करून काही होईल का?" मी हसून अपॉइंटमेंट द्यायचे. कानाने आणि नाकाने मला कधी छळलं नाही. भीती सगळी घशाची. घशात दोन वाटा एकमेकींना लागून असतात, पुढे श्वासाची, मागे अन्नाची. लहान मुलाची श्वासाची वाट त्याच्या स्वतःच्या करंगळीएवढीच असते. त्या वाटेत काही अडकलं आणि मी ते काढायला नळी घातली, की मुलाचा श्वास आणि माझी नळी दोघांना एकाच बोळातून जायचं असतं. तेव्हा मी स्वतःचाही श्वास रोखून धरायचे. मला दम लागला की समजायचं, आता मुलालाही लागला, मागे फिरा. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे मी घाईही केली नाही आणि उशीरही केला नाही.

दुसरी गोष्ट मी शिकले ती अशी, की घशाचा पेशंट खोटं बोलतो. वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावात एक म्हातारा खाणकामगार आला होता. त्याला गिळताना दुखत होतं. काही गिळलंत का, म्हटलं, तर म्हणाला, काहीच नाही. मग तुमची पुढची कवळी कुठे आहे? तर म्हणाला, कुत्र्याने नेली. एक्स-रेमध्ये कवळीची तार मानेच्या मधोमध चमकत होती. तो फोटो बघून म्हातारा शांतपणे म्हणाला, "म्हणजे मी त्या बिचाऱ्या कुत्र्याला उगीच बोललो."

त्याच्यावर मी हसले. दुसरी एक गोष्ट मात्र अजून सलते. दिवाळीनंतर एक मराठी जोडपं दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. तीन आठवडे छातीतून शिट्टी वाजत होती, दमा समजून औषधं चालू होती. शेंगदाणा वगैरे खाल्ला का, मी विचारलं. आईने ठामपणे नाही म्हटलं. शेजारी भारतातून आलेली आजी बसली होती, ती जमिनीकडे बघत राहिली. मुलीच्या उजव्या फुप्फुसाच्या तोंडाशी चिवड्यातला अर्धा शेंगदाणा निघाला. तो आजीने भरवला होता, आणि सूनबाई रागावेल म्हणून तीन आठवडे ती गप्प होती. मी त्या बाईला सगळ्यांसमोर झाडलं. "आजी, नात गेली असती तर कुणाला काय सांगितलं असतंत?" ती पदराने तोंड पुसत राहिली. मला तेव्हा फार बरोबर केल्यासारखं वाटलं होतं.

आता माझ्या सीनियरांबद्दल सांगते. आमचं गाव स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून गाडीने तासाभरावर. एके काळी तिथे लोकरीची मोठी गिरणी होती. गिरणीत पोलिश, इटालियन मजूर, आणि त्यांनी बांधलेलं चर्च संत ब्लेझ यांच्या नावाचं. हे ब्लेझ म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीचे एक बिशप. गाव सेबास्ते, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. आधी वैद्य होते म्हणे, मग लोकांनी बिशप केलं. पुढे ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली तेव्हा ते डोंगरात एका गुहेत लपले. तिथे आजारी, जखमी जनावरं त्यांच्याकडे येऊन बसायची. शिकाऱ्यांनी एवढी जनावरं एका जागी बघितली आणि माणूस सापडला. त्यांना पकडून तुरुंगाकडे नेत असताना वाटेत एक बाई आडवी आली. तिच्या मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला होता आणि मूल गुदमरत होतं. बिशप थांबले, घशावर हात ठेवला, प्रार्थना केली, मूल वाचलं. बिशप मात्र वाचले नाहीत. लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग फाडलं आणि मग शिरच्छेद केला. ज्या फणीने छळलं तिच्यामुळेच पुढे लोकरवाल्यांनी त्यांना आपला संत मानलं, आणि त्या काट्यामुळे घशाचं खातं त्यांच्याकडे आलं. आमच्या चर्चमधल्या पुतळ्याच्या एका हातात फणी आहे, दुसऱ्या हातात दोन मेणबत्त्या. अंधाऱ्या कोठडीत कुणा गरीब बाईने त्यांना मेणबत्त्या नेऊन दिल्या होत्या, त्या.

दर तीन फेब्रुवारीला त्यांचा दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये घशाला आशीर्वाद देतात. लाल फितीने फुलीसारख्या बांधलेल्या दोन लांब मेणबत्त्या, न पेटवलेल्या, फादर प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि म्हणतात की घशाच्या दुखण्यापासून आणि इतर सगळ्या पीडांपासून देव तुझं रक्षण करो. माझी ऑपरेशन थिएटरची नर्स रीटा मला पहिल्याच वर्षी हाताला धरून घेऊन गेली. "चला डॉक्टर, दहा मिनिटांचं काम. घशाचंच आहे, म्हणजे तुमचंच." मी देवभोळी नाही, पण सर्जन लोक देव न मानताही शकुन-अपशकुन पक्के मानतात. त्या वर्षी माझ्या हातून कुणी दगावलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत मीच रीटाला आठवण करून दिली.

चर्चचे फादर पॉल आणि मी दरवर्षी त्या रांगेत वाद घालायचो. मी म्हणायचे, "तुमच्या बिशपकडे ना दिवा, ना चिमटा. काटा त्या मुलाने आधीच गिळला असणार, मागे राहिला असेल तो ओरखडा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं तेच असतं." फादर मान डोलवायचे. चारशे वर्षांनी लिहिलेल्या गोष्टी आहेत, असं तेच मोकळेपणाने सांगायचे, बिशप होऊन गेले आणि मारले गेले, याहून जास्त पक्कं कुणालाच ठाऊक नाही. एकदा मात्र म्हणाले, "मला काट्याचं नवल नाही वाटत. मला वाटतं, मरायला चाललेल्या माणसाला दुसऱ्याच्या घशाकडे बघायला सुचलं कसं? तो घाबरला नसेल का?"

ते वाक्य मी घरी घेऊन आले. पुतळ्यात ब्लेझ अगदी शांत दिसतात. पण मी मनाशी ठरवून टाकलं, की नाही, हे गृहस्थ घाबरलेले होते, हात थरथरत होता, आणि तोच हात त्यांनी मुलाच्या गळ्यावर ठेवला. तेव्हापासून मी त्यांना सीनियर म्हणायला लागले. कठीण केसच्या आधी हात धुताना मनात म्हणायचे, सर, तुम्हीही घाबरला होतात ना? मग हात जरा हलके व्हायचे.

आता मुख्य गोष्ट. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली. माझा नवरा अरविंद पुलांचा इंजिनियर, तोही निवृत्त. आम्ही दोघेही रत्नागिरीचे, आणि तो मासे खाणारा म्हणजे हाडाचा. त्याचा पुतण्या निखिल जर्सी सिटीत राहतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो बर्फाच्या पेटीत शॅड मासा घेऊन आला. "काका, बंगाली दुकानातून आणलाय. सेम टू सेम आपला पाला. पण काटे डेंजरस आहेत यार, प्लीज केअरफुली खा." पाला म्हणजे बंगाल्यांचा हिलसा. शॅड त्याचाच अमेरिकन भाऊ, चव तीच आणि काटेही तसेच, केसासारखे, ओळीमागून ओळी. निखिल सोमवारी परत गेला. उरलेल्या तुकड्यांचं मी दुसऱ्या दिवशी दुपारी आंबट तिखट कालवण केलं. तारीख कुठली होती हे माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

अरविंद कुठल्याशा पुलाबद्दल बोलत होता. मध्येच थांबला. हात गळ्याशी गेला. डोळे माझ्याकडे. बोलता येत होतं, श्वास नीट होता, म्हणजे काटा अन्नाच्या वाटेत होता. अशा वेळी काय करायचं हे मी बत्तीस वर्षं नव्या डॉक्टरांना शिकवलं. काही गिळायला द्यायचं नाही. भात नाही, केळं नाही, पावाचा तुकडा नाही. वर अडकलेला काटा चिमट्याने निघतो, ढकललेला काटा खाली जाऊन रुततो. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या बाईने काय केलं? कोरड्या भाताची मूठ घेतली, दाबून गोळा केला आणि नवऱ्याच्या तोंडात दिला. "चावू नकोस, तसाच गीळ." मग दुसरा. आमच्या घरी कुणाला काटा लागला की आई हेच करायची. मी विचार केलाच नाही, हात आपला आपण ताटाकडे गेला.

"गेला?"

"गेला वाटतं."

दहा मिनिटांनी तो म्हणाला, "नाही गं. आहे. पण आता खाली आहे."

त्या 'खाली' शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. छातीत शिरल्याशिरल्या अन्ननलिकेला एका जागी महाधमनी चिकटून असते, शरीरातली सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी. मधली भिंत पातळ. तिथे काटा रुतला तर पहिले काही दिवस माणूस हिंडतो फिरतो, जेवतो. माझा एक पेशंट असाच पाच दिवस ठीक होता. सहाव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली आणि माझ्या हातात काही करण्यासारखं उरलं नाही. मी त्याच्या बायकोचा चेहरा विसरलेले नाही.

मी गाडी काढली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. अरविंद सीटवर ताठ बसला होता, थुंकी गिळताना डोळे मिटत होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "भाताचं सांगायचं का?"

मी म्हणाले, "विचारलं तर बघू."

हे मी म्हणाले. त्याने मान वळवून बाहेर बघितलं, पुन्हा तो विषय काढला नाही.

इमर्जन्सीत क्लेअर धावत आली. माझ्या जागी आलेली डॉक्टर, पहिली दोन वर्षं माझ्याबरोबर काम केलेली, अजून मला नावाने हाक मारत नाही. मी शिकवलेले सगळे प्रश्न तिने त्याच क्रमाने विचारले. आणि मग तोही विचारला, "त्यानंतर काही गिळलं का? ब्रेड, केळं, भात?"

अरविंदने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग इंग्रजीत, अगदी सहज म्हणाला, "छे, काही नाही. हिने गिळू दिलं असतं का?"

क्लेअर हसली. मीही हसले.

नाकातून बारीक दुर्बीण घालून तिने घसा बघितला. एका बाजूला ओरखडा होता, काटा कुठेच नव्हता. दुर्बीण तिथवरच पोचते, छातीतलं तिला दिसत नाही. भाताचं कळलं असतं तर क्लेअरने ताबडतोब सीटी स्कॅन करायला लावला असता. ती म्हणाली, "काटा गेलेला दिसतोय. ओरखड्यामुळे अजून टोचतंय. तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर?"

माझं मत मागत होती ती. मला आतून ओरडावंसं वाटत होतं. पण डोळ्यांसमोर काय आलं? उद्या स्टाफरूममध्ये काय बोलतील ते. घशाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, आणि नवऱ्याला भाताचे गोळे! मी म्हणाले, "शक्य आहे." मनाशी हिशोब केला की रात्रभर लक्ष ठेवू, दुखलं तर उद्या परत येऊ. ताप आला तर येऊ. स्वतःला फसवायला माणसाला वैद्यकाची पदवी लागत नाही, असली तर उलट जास्त चांगलं फसवता येतं.

घरी जायचे कागद येईपर्यंत आम्ही पडद्याआड बसलो होतो. तेवढ्यात पडदा सरकला आणि फादर पॉल आत आले, हातात लाल फितीच्या मेणबत्त्या. तीन फेब्रुवारीला दुपारी ते हॉस्पिटलात येतात, ज्यांना चर्चला जाता येत नाही त्यांच्यासाठी. मला बघून त्यांना आनंदच झाला. "तुम्ही इथे? आणि घसा? आज तर बिशपना सुट्टीच नाही!" अरविंद हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "द्या फादर, लागेल ते द्या."

"हनुवटी जरा वर करा," फादर म्हणाले.

अरविंदने मान वर केली, म्हणजे करायला गेला. बोटभरही वर गेली नसेल, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एक हात पाठीमागे गेला, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. फादर घाबरून मागे सरले. "मी जोरात लावलं का?" मेणबत्त्या अजून गळ्याला टेकल्यासुद्धा नव्हत्या.

मान वर करताना पाठीत कळ. ओरखड्याने असं होत नाही. काटा आत होता, भिंतीत होता, आणि मी माझ्या माणसाला गाडीत घालून घरी न्यायला निघाले होते.

मी पडदा ओढून बाहेर गेले. क्लेअर काउंटरपाशी आमचेच कागद लिहीत होती. दोन नर्सेस होत्या, एक टेक्निशियन होता. तिला बाजूला घेऊन सांगावं असं वाटलं, पण बाजूला घ्यायला गेले असते तर माझा धीर गेला असता. तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले, "क्लेअर, त्याने भात गिळलाय. दोन मोठे गोळे. मी केले, मी भरवले. मगाशी मी खोटं बोलले."

तिने कागदांवरून मान वर केली. मी त्या आजीकडे बघितलं होतं तशी नजर येईल म्हणून मी तयार होते. ती आली नाही. क्लेअर घाबरली होती, चक्क घाबरली होती, आणि त्यामुळे तिला माझ्यावर रागवायला वेळच नव्हता. "सीटी. आत्ता," ती म्हणाली आणि पळाली.

काटा आडवा रुतला होता. इंचापेक्षा थोडा मोठा. एक टोक अन्ननलिकेच्या भिंतीतून जवळजवळ बाहेर, आणि पलीकडे लगेच महाधमनी. फोटो मी बघितला. बघायला नको होता. छातीच्या सर्जनला बोलावलं, काटा काढताना रक्त सुटलं तर छाती उघडावी लागणार म्हणून. मी क्लेअरच्या मागून थिएटरच्या दारापर्यंत गेले. ती वळली आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा, डॉक्टर." माझ्याशी ती आजवर अशी बोलली नव्हती. मी बसले.

फादर पॉल शेजारी येऊन बसले. मेणबत्त्या त्यांनी मांडीवर ठेवल्या होत्या. प्रार्थना करू का, असं त्यांनी विचारलं नाही, केली असेल तर मनात केली. मी सवयीने श्वास रोखला. दम लागला, सोडला, पुन्हा रोखला. पण आत काय चाललंय ते त्यावरून कळायला मार्ग नव्हता. बत्तीस वर्षं मी दाराच्या त्या बाजूला होते. इकडच्या बाजूला घड्याळ इतकं हळू चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाही, सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

खूप वेळाने मी फादरना विचारलं, "त्या मुलाच्या आईने बिशपना खरं सांगितलं असेल? की काटा लागल्यावर मी त्याला अमुक दिलं, तमुक दिलं?"

फादर म्हणाले, "ते गोष्टीत नाही." मग म्हणाले, "पण ती शिपायांच्या मधे घुसली होती. एवढं घुसलेली बाई मग काय लपवणार?"

क्लेअर बाहेर आली तेव्हा तिची टोपी घामाने भिजली होती. हातात छोटी बाटली, बाटलीत काटा. रक्त गेलं नव्हतं. भिंतीला सूज होती, आठवडाभर तोंडाने काही नाही, अँटिबायोटिक्स. "घरी गेला असता तर..." म्हणत तिने बाटली माझ्या हातात दिली.

"रेकॉर्डमध्ये नीट लिही," मी म्हणाले. "भात बायकोने दिला. बायको घशाची डॉक्टर."

"लिहिलंय," ती म्हणाली.

अरविंद शुद्धीवर आला तेव्हा त्याला बोलायची मनाई होती. मी त्याच्या उशाशी उभी होते. आता त्याच्या समोर रडायचं नाही, असं ठरवून आत गेले होते. त्याने ओठ हलवले, मी कान जवळ नेला.

"भाताचं सांगितलंस?"

"सांगितलं."

त्याने डोळे मिटले. डोळ्याच्या कडेने पाणी ओघळून उशीत गेलं. किती वेळ हा माणूस घाबरून बसला होता ते मला तेव्हा कळलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आता मला घरी नेतेस."